काचपेटीचा राखणदार

"आधी बिघडवून बघू."

कुठलीही नवी वस्तू ऑफिसात आली की आमच्या इंजिनियरसाहेबांचं हे पहिलं वाक्य. माझा टाइपरायटर आला तेव्हा त्यांनी एकदम पाच-सहा बटणं दाबून त्याच्या काड्या एकमेकींत अडकवल्या आणि समाधानाने म्हणाले, "इथे अडकतो, बाई. आता माहीत झालं." त्यांच्या बायकोने घेतलेला नवा जेवणाचा डबा त्यांनी रस्सा भरून उलटा धरला होता. दिवसभर पँटवर तो पिवळा डाग मिरवत ते सगळ्यांना सांगत होते, "झाकण बदलून घ्या म्हटलं तिला."

मुलांनो, तुम्ही तिकडे कॉम्प्युटरच्या संगतीतच वाढलात, म्हणून त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा अंधेरीला एका औद्योगिक गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. इंग्रजी पत्रं आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका माझ्याकडे. ते तिथले इंजिनियर, आणि मालक म्हणजे त्यांचा कॉलेजातला मित्र.

अकाली जन्मलेल्या बाळांना ठेवतात त्या काचपेटीसाठी आम्ही कॉम्प्युटर बोर्ड बनवत होतो. पेटीचा हीटर चालू-बंद करणं हे बोर्डाचं काम. पण बोर्डावरचा प्रोग्रॅम मध्येच अडकला आणि हीटर चालूच राहिला तर? त्यासाठी बोर्डावर एक टायमर असे. त्याला वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा, म्हणत. प्रोग्रॅमने थोड्या थोड्या वेळाने त्याला 'मी जागा आहे' असा इशारा द्यायचा. इशारा चुकला की टायमर हीटर बंद करून बोर्ड पुन्हा सुरू करी. त्याने किती वेळ वाट पाहायची, ते जम्पर नावाची एक बारीकशी खिट्टी हलवून ठरवायचं. चिमटा घेऊन ते तासन् तास तेच करत आणि पुटपुटत, "वेळ कमी ठेवला तर उगाच भुंकतो. जास्त ठेवला तर बाळ भाजतं."

नेमका माल द्यायच्या वेळी घोळ झाला. तापमान छापताना प्रोग्रॅम प्रिंटरसाठी खोळंबून राही, इशारा चुके आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शेवटी मालकानेच तोडगा काढला. बोर्डावर एक घड्याळ असतं, प्रोग्रॅम काहीही करत असला तरी ते टिकटिकत राहतं. इशारा त्या घड्याळाकडूनच द्यायचा! झालं, बोर्ड शहाण्यासारखा चालू लागला. 'सगळं ठीक' सांगणारा पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"झकास!" मालक म्हणाला.

"आधी बिघडवून बघू," इंजिनियर म्हणाले, आणि त्यांनी मुद्दाम प्रोग्रॅम अडकवला.

दिवा लुकलुकतच राहिला.

"बाई, पेटीत हात घाला."

मी घातला. आधी ऊब लागली, मग चटका बसू लागला. मी हात काढून घेतला. दिवा हिरवाच.

"कॉलेजात तू माझी हजेरी लावायचास ना?" ते मित्राला म्हणाले. "मी वर्गात नसायचोच. हे घड्याळ तेच करतंय."

"अरे यार, तिकडे मुद्दाम कोण अडकवणार आहे?"

"मुद्दाम नाही रे, आपोआप अडकेल."

"कधी?"

"ते नाही सांगता येत."

"मग? उद्या पेट्या गेल्या नाहीत तर गाळ्याला कुलूप. सगळ्यांची वाट लागेल."

"थोडी मुदत मागून घेऊ या," मी म्हटलं.

"घेतली होती, बाई. संपली." मालक खोटं बोलत नव्हता.

पेट्या इस्पितळात गेल्या. इंजिनियरांनी तिथल्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मालकाला फोन केला. मालक म्हणाला, "दमलाय हो तो."

मग इंजिनियर रोज भेटीच्या वेळी तिथे जाऊ लागले. एकदा मीही गेले. सिस्टरने विचारलं, "काका, तुमचं बाळ कुठलं?"

"बाळ नाही. पेटी माझी. सिस्टर, दिव्यावर जाऊ नका, अंगाला हात लावून बघत जा."

"बघते हो काका. पण मी एकटी, आणि ही सगळी बघा ना!"

पुढे बाळांच्या आया घाबरू लागल्या, तेव्हा इंजिनियरांना आत सोडणं बंद झालं. कंपनीही त्यांनी सोडली. कुठे गेले, मित्रालाही सांगितलं नाही. त्या पेट्यांचं पुढे काय झालं तेही मला कधी कळलं नाही. मी विचारलं की मालक दुसराच विषय काढी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या इस्पितळाच्या फाटकाशी. भेटीची वेळ संपली होती. बाहेर येणाऱ्या एका तरुण बापाला त्यांनी थांबवलं.

"पेटीत आहे का बाळ? कसं आहे?"

"ठीक आहे म्हणतात."

"हात लावून पाहिलंत?"

"हात कुठे लावू देतात, काका! काचेतूनच बघायचं." त्यांचा चेहरा पाहून त्या बापालाच त्यांची कीव आली असावी. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काळजी करू नका. वर हिरवा दिवा चालू आहे."