तिच्यापेक्षा एक जास्त

माझी धाकटी बहीण कुठंही झोपते. बसच्या मधल्या सीटवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकड्यावर. डोकं टेकलं की संपलं. मी तिला काही सांगत असते आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईचं घोरणं सुरू. कुणाला कुणाच्या पैशाचा हेवा वाटतो, कुणाला दागिन्याचा. मला हिच्या झोपेचा वाटतो. आणि हेवा हा शब्द पुस्तकी झाला. खरं सांगायचं तर पोटात दुखतं, लई दुखतं.

आम्ही देगलूरकडच्या. तिकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मी तिची अक्का. दोघींची लग्नं पाठोपाठ झाली. मला नांदेडचा नोकरीवाला मिळाला, तिला अर्धापूरचा केळीवाला. सगळी भावकी म्हणाली, थोरलीनं नशीब काढलं! घरात नळ, डोक्यावर पंखा, एक तारखेला पगार. धाकटी बिचारी केळीच्या चिखलात गेली. मीही तिची पोटभर कीव करायचे. माझ्या वापरलेल्या साड्या तिला द्यायचे आणि ती त्या गालाला लावून म्हणायची, "अक्का, कसली मऊ हाय गं!"

ते दिवस फार बरे होते. कुणाची तरी कीव करायला मिळाली की माणसाला झोप छान लागते.

पुढं सगळं उलटं झालं. म्हणजे माझं काही वाईट झालं नाही. नवऱ्याला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. पण नवरा पेपरातून मान वर न काढता "हं" म्हणतो, आणि तिचा नवरा बांधावर बसून तिच्याच ताटात जेवतो, वर तिची चेष्टा करतो. माझी सून रविवारी फोनवर इतक्या अदबीनं बोलते की भांडायला जागाच नाही. तिची सून तिच्याशी अख्खी गल्ली गोळा होईस्तोवर भांडते आणि संध्याकाळी दोघी एकमेकींच्या डोक्यात तेल घालत बसतात. आता भांडणाचासुद्धा हेवा वाटावा का माणसाला? मला वाटतो. शिवाय तिचे दात अजून सगळे शाबूत. माझ्याकडं चणे आहेत, दात नाहीत. तिच्याकडं मेलं दोन्ही आहे.

अशात माझी भाची आली. आमच्या भावाची मुलगी, नांदेडला कॉलेजात शिकते, माझ्याकडंच राहते. कॉलेजनं तिला एक काम दिलं होतं. वय झालेल्या बायांकडं जायचं आणि त्यांचं आयुष्य कसं चाललंय ते त्यांनाच विचारायचं. डॉक्टर काय म्हणतो, पोरगा काय म्हणतो, ते नको. आपलं सुख आपणच मोजायचं. झोप लागते का, दुखतं-खुपतं का, बोलायला कुणी आहे का, असं सगळं विचारून झालं की ती कागदावर एक शिडी काढून दाखवायची, दहा पायऱ्यांची. सगळ्यात वर, तुम्हाला सुचेल तितकं चांगलं जगणं. सगळ्यात खाली, वाईटात वाईट. सांगा, तुम्ही कुठल्या पायरीवर उभ्या आहात?

सुरुवात तिनं अर्धापूरला केली, धाकट्या आत्याच्या गल्लीत. परत आली ती कपाळाला हात लावून.

"अगं आत्या, सगळ्या दोन आन् तीनच सांगून राहिल्या! जिच्या घरी भिंतीएवढा टीव्ही हाय, ती म्हणते, दोन लिही. पाच लिहिलं तर सवलतीच्या यादीतून नाव कटंल."

मला हसू आवरेना. तिकडं सरकार गावाच्या पिकाची आणेवारी काढतं. ती पन्नास पैशाच्या आत आली की दुष्काळ जाहीर होतो, सवलती मिळतात, हे पोराटोरांना ठाऊक. बायांना वाटलं, या वर्षी सुखाचीच आणेवारी निघाली! मग कोण शहाणी पाचाच्या वर जाईल?

हसून झालं आणि मी हळूच विचारलं, "आन् धाकट्या आत्यानं किती सांगितलं?"

"ते सांगता येत न्हाई. एकीचं दुसरीला सांगायचं न्हाई, असा नियम हाय."

नियम! झालं, माझ्या पोटात कळ उठली ती उठलीच. दुसऱ्या दिवशी तिच्या आवडीची धपाटी केली, वर लोण्याचा गोळा ठेवला. "आकडा नको सांगू बाई, पाचाच्या वर का खाली, एवढंच सांग." पोरगी धपाटी खाऊन मोकळी झाली, तोंडातून शब्द काढला नाही.

मग मीच हिशेब मांडत बसले. ती नऊ म्हणाली असेल तर मी काय सांगायचं? आठ सांगितलं तर हरले. दहा सांगितलं तर दृष्ट लागेल. आणि समजा ती तीन म्हणाली असेल तर? तिला कसलं दुःख असेल बरं? नवऱ्याचं काही? पोराचं काही? खरं सांगते, मी ती दुःखं एकेक करून तिच्या घरात ठेवून बघितली आणि मला जरा बरं वाटलं. बघा, काय मेलं मन असतं.

शेवटी माझी पाळी आली. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते, भाची समोर पाटावर बसली.

"झोप लागते का?"

"लागते की. न लागायला काय झालं?" मी ठणकावून खोटं बोलले.

मग शिडी आली. मी शिडीकडं बघितलं, आणि आठवडाभर दाबून ठेवलेलं तोंडावाटे बाहेर पडलं.

"धाकटीचं जे काय असंल, त्याच्यापेक्षा एक जास्त लिही."

तिनं पेन खाली ठेवलं. "आत्या, असं चालत न्हाई."

"का न चालावं? माझं सुख हाय ना? मीच मोजायचं ना? मी असंच मोजते. लग्न झाल्यापासून असंच मोजून राहिले. मला दुसरं माप येत न्हाई!"

माझा आवाज इतका चढला की बाहेरून नवऱ्यानं चक्क "काय झालं?" विचारलं. भाची खालच्या आवाजात म्हणाली, "तसं लिहिलं तर आकडाच निघत न्हाई, आत्या."

"का?"

"धाकट्या आत्यानं पण आकडा दिला न्हाई. म्हणाली, आधी अक्काला विचार. ती सांगंल त्याच्यात एक कमी करून माझं लिही."

"असं का म्हणाली?"

पोरीनं मान खाली घातली. "म्हणाली, माझं जास्त निघालं तर अक्काला झोप येत न्हाई."

म्हणजे धाकटीला ठाऊक होतं. मी अर्धापूरला गेले की चहाच्या आधी ती गुडघ्याचं दुखणं काढायची, मग केळीचा पडलेला भाव, मग सुनेची तोंडाळकी. ते ऐकून मी परतीच्या बसमध्ये हलकी होऊन बसायचे. पाहुण्याला चहा द्यावा तशी ती मला आपली दुखणी देत होती, आणि मी ती मिटक्या मारत पीत होते. लाजेनं कान तापले. आणि लाजेच्या मागोमाग तीच जुनी कळ आली. मनाच्या मोठेपणातही हीच पुढं! तिथं तरी तिनं मला जागा ठेवायची होती.

"मग काय लिहू?" भाचीनं विचारलं.

"दहा लिही."

"दहा? खरंच?"

"मी दहा म्हणाले तरच तिला नऊ मिळतील ना? लिही गुमान."

तिनं लिहिलं. मी मेथीची दुसरी जुडी सोडली. बाहेर दुपार कलली होती. तिकडं अर्धापूरला ती झोपली असंल, घोरत, मेली.