एचपीव्ही नेमका कुणाचा आणि कुठं तपासायचा

आमच्या तपासणीच्या जीपमध्ये सामान कमी आणि किस्सेच जास्त भरलेत, असं ड्रायव्हर सलीमभाई म्हणतात. खरंय. मी बायकांची डॉक्टर. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी लातूर-नांदेडच्या गावागावांतून फिरायचं, तर बायका लाजतात आणि पुरुष अक्कल पाजळतात. लाजणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. पाजळणाऱ्यांचे किस्से मात्र साठत जातात.

आधी एवढंच सांगते. एचपीव्ही हा विषाणू आहे. शरीरसंबंधातून येतो, बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. पण गर्भाशयाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसला तर पुढं कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तिथं ब्रश फिरवून नमुना घ्यायचा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम!

*

देवणीच्या कॅम्पचं उद्घाटन. दुष्काळाचं वर्ष, माणसांना प्यायला पाणी नाही, पण पुढाऱ्याच्या गळ्यात हार ताजा! साहेबांचं ठरलेलं भाषण : "एकदा का आपला नवीन जिल्हा झाला, की एकेका माय-बहिणीचं रक्त तपासू!"

मी हळूच म्हटलं, "साहेब, हे रक्तात सापडत नाही."

"मग कशात सापडतंय?" साहेबांनी माइकवरच विचारलं.

मी पण माइकवरच सांगितलं, "गर्भाशयाच्या तोंडाशी."

साहेबांनी माइक असा सोडला, जसा काही चटका बसला. मग घसा खाकरून म्हणाले, "हा विषय महिला आघाडी बघेल." आणि गेले की निघून! नवीन जिल्ह्यात बायका असणार आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

*

नांदेडला एक लॅबवाला भेटला. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत कागदावरची जाहिरात. "मॅडम, आमचं फुल बॉडी एचपीव्ही पॅकेज हाय. डोक्यापासून पायापर्यंत!"

"पायाचं काय तपासता?"

"पायाला चामखीळ येतीय की!"

गंमत म्हणजे एवढं एकच बरोबर होतं. तळपायाची चामखीळ याच विषाणूच्या भावकीतली. पण ती डोळ्यांनी दिसते, तिला पॅकेज कशाला?

"आणि डोक्याचं?" मी विचारलं.

"ते कॉम्प्लिमेंटरी हाय," म्हणाला. त्याच्या डोक्याची तपासणी कुणीतरी फुकट करायला हवी होती.

*

इस्लापूरचे एक हेडमास्तर. गालात गुटख्याचा बार. "मॅडम, घशात बी एचपीव्ही व्हतो मनं. माझ्या घशाचं करा."

मी म्हटलं, "होतो. पण घशासाठी गर्भाशयासारखी सरसकट टेस्ट नाही. आधी नजरेनं बघावं लागतं. थुंकून या आणि तोंड उघडा."

उघडलं. दोन बोटंसुद्धा आत जाईनात! आत पांढरे चट्टे. "सर, हे गुटख्यानं झालंय. उद्याच नांदेडला जाऊन दाखवा."

"म्हंजे एचपीव्ही न्हाई?"

"तसं वाटत नाही. पण हे..."

"मग टेन्शनच न्हाई!" सरांनी खिशातनं नवीन पुडी काढली आणि दातानं फाडली.

*

आता शिवराज. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावातला. त्याच्या बायकोचा, महादेवीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कॅन्सर नव्हे, विषाणू आहे एवढंच. पण लातूरला येऊन दुर्बिणीतून तपासून घेणं गरजेचं होतं. तिनं बिचारीनं नवऱ्याला सांगितलं. नवरा तणतणत माझ्याकडं.

"आदी कुनाचं हाय ते सांगू द्या तिला. मग बगू लातूरचं!"

"कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. तुमच्याकडूनही आला असेल."

"मग माझं तपासा!"

"पुरुषांसाठी अशी टेस्ट नाही."

शिवराजनं मांडीवर थाप मारली. "म्हंजे मी साफ!"

आणि हॉटेलात जाऊन गावभर केलं : मी मनलं तपासा, डॉक्टरीन न्हाई मनली, माझ्यात कायच न्हाई. जी परीक्षा झालीच नाही, तिच्यात हा गडी फर्स्टक्लास पास! संताप आला मला. नापास कोण, तर महादेवी.

*

पुन्हा त्या गावात गेले तर शाळेच्या भिंतीशी घागरींची रांग. टँकर कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बायका नंबराला घागर लावून कामाला जातात. माणूस नसला तरी घागरीचा नंबर कुणी मोडत नाही. पण एक घागर लांब, कोरड्या हापशापाशी एकटीच. महादेवीची!

"तिच्या घागरीला घागर लागली तर आपल्याला बी व्हतंय," सरपंचबाईंनी मलाच समजावलं. मी घसा फोडून सांगितलं की पाण्यातून, भांड्यातून हे होत नाही. शिकल्या-सवरल्यांनीसुद्धा ऐकलं नाही.

तेवढ्यात शिवराजची आई, गंगव्वा, आली. "माझं बी करा."

केलं. पुढच्या खेपेला शाळेच्या खोलीत दार लावून तिला सांगितलं, "अव्वा, तुमच्यात काही नाही."

"हे अजून कुनाला सांगनार?"

"कुणालाच नाही. तुमचं तुम्हाला."

"नक्की?"

"नक्की."

अव्वानं पदर खोचला आणि बाहेर गेली. टँकर आला होता, सगळं गाव भोवती, पाइप शिवराजच्या हातात. अव्वानं रांगेतली आपली घागर उचलली, हापशापाशी नेली आणि महादेवीच्या घागरीला चिकटवून ठेवली.

"शिवऱ्या, माझ्यात बी हाय मनल्या डॉक्टरीनबाई! तू पाळन्यात व्हतास तवा तुझा बाप गेला. आता आदी मला इचार, कुनाचं. मग तिला."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी कुणालाच सांगणार नव्हते.

पाइपातलं पाणी मातीत सांडत राहिलं. त्या दुष्काळात, आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही.

मग शिवराज पाइप ओढत हापशाकडं गेला. दोन्ही घागरी भरल्या आणि मान वर न करता म्हणाला, "मॅडम, लातूरला कवा आनू तिला?"