चौरंगाचे गज

चिमाजी सुतारांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं ते चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत, महाळुंग्याच्या घरी. मुलगा ज्योतीराम पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होता. त्याने बापाला उचलून पिंपळे गुरवच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. माणूस आला, पण त्याचा तोरा गावीच राहिला. चाळीस वर्षं पंचक्रोशीचे नांगर, गाड्या नि चौकटी घडवणाऱ्या हाताला आता पाण्याचा तांब्या पेलेना. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. हात चालता ठेवा, नाहीतर उरलासुरलाही जाईल, असं बजावलं. चिमाजींनी दोन दिवस तो उशाशी ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सुनेच्या हवाली केला.

"ह्यो घे. खेळंल कुणाचं तरी पोर."

कुणाचं तरी! सून शालन तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. पण त्या घरात येणाऱ्या बाळाबद्दल उघड कुणीच बोलत नसे, आणि त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी शालनला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा हेच चिमाजी आनंदाने नुसते वेडे झाले होते. आठव्या महिन्यातच त्यांनी सागवानी पाळणा करून आढ्याला टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून नेऊन दाखवला. नवव्यात बाळ पोटातच गेलं. रिकामा पाळणा आधी टांगला, दुसरं काय होणार, असं गाव म्हणालं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? चिमाजींनी पाळणा फोडून बंबात घातला, आणि त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. शालन त्यांना कधी एका अक्षराने बोलली नाही. पण खोटं कशाला सांगा, गाव म्हणत होतं ते तिच्याही मनात रुतून बसलं होतं.

माघात ज्योतीरामने कंपनीतून खोक्यांच्या फळ्या आणल्या. परदेशी मशिनं ज्यात भरून येत, ते पांढरं हलकं लाकूड. बापाला तेवढाच चाळा. चिमाजींनी फळीवर नख ओढून पाहिलं.

"ह्याला लाकूड म्हणत्यात व्हय? पापड हाय नुसता."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पटाशी मागितली. चौरंग करतो म्हणाले, पूजेला होईल.

मग रोज ज्योतीराम कामावर गेला की म्हातारा भिंतीला पाठ लावून बसे. पटाशी डाव्या हातात, आणि उजवा हात लाकडावर नुसता वजन म्हणून ठेवलेला. पहिले पंधरा दिवस लाकडापेक्षा बोटंच जास्त तासली गेली. शालन चिंध्या बांधून देई आणि ओरडा खाई. पण हळूहळू उजवी बोटं लाकूड धरू लागली. म्हातारा जेवताना मीठ कमी आहे म्हणून कुरकुरू लागला, तेव्हा शालनला वाटलं, आता हा माणूस जगतो.

चौरंगाचे चार खूर झाले. त्यांच्या टोकांना चार राघू झाले. त्यानंतर वीतभर लांबीचे गोल गज होऊ लागले. एक झाला, पाच झाले, बारा झाले. सुताराच्या घरची सून ती. चौरंगाला गज लागत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

थांबा म्हणावं, तर म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी तो परत वळायचा नाही. गप्प बसावं, तर पोटातल्या जिवाचं काय? आठवा महिना लागलेला. ज्योतीरामला सांगितलं असतं तर त्याने बापाला सरळ विचारलं असतं. आडून विचारणं त्याला कधी जमलंच नाही. शालन दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी चिमाजी आंघोळीला गेले, तेव्हा तिने तयार भाग ठेवायच्या त्यांच्या पोत्यातला एक गज काढला आणि ज्वारीच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवला. एक गज कमी म्हणजे वस्तू पुरी नाही. पुरी नाही म्हणजे अजून ती नाहीच. बाईमाणसाचा हिशेब म्हणून कुणी हसलं असतं, पण तिला त्या दिवशी दोन घास गोड लागले. त्यानंतर ती ज्वारी वरवरचीच काढायची.

वैशाखात मुलगी झाली. चांगली धडधाकट, आवाज तर वाड्यावस्त्यांना ऐकू जाईल असा. चिमाजींनी नातीला पाहिलं आणि ते नुसती मान हलवत राहिले.

बाराव्या दिवशी दुपारी बारशाची तयारी चालली होती. चिमाजींनी पोतं ओढून ज्योतीरामसमोर ठेवलं.

"जोड."

ज्योतीरामने जोडायला घेतलं, आणि काय जोडतोय ते ध्यानात आल्यावर त्याने एकदा बापाकडे पाहिलं. शेवटी एक भोक रिकामं राहिलं. पोतं झटकलं, खाट सरकवली, गज काही मिळेना. कुणाचं लक्ष कुठं नसतं म्हणून तो चिडचिडू लागला.

शालनने मुलगी नवऱ्याच्या हातात दिली. उठून ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि गज आणून सासऱ्यापुढे धरला.

"मामंजी, मीच लपवला होता." तिला रडू फुटलं. "मला भ्या वाटलं."

"ठावं हाय," चिमाजी म्हणाले. "तवाच ठावं हाय. मी रोज मोजत हुतो की."

"मग दुसरा का नाही केला?"

म्हातारा गजाला लागलेली ज्वारीची भुकटी अंगठ्याने पुसत राहिला.

"भ्या मलाबी वाटत हुतं, पोरी. पर हात थांबंना. एकएक गज व्हायचा आन् माझी छाती धडधडायची. तू त्यो न्हेलास, त्या दिशी मला चार वरसांत पहिल्यांदा झोप लागली. म्हणलं, ह्या घरात त्या पोटातल्या जिवाला राखणारं माझ्यासंगं आनखी कुणीतरी हाय."

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, म्हणून शालनने खालून मनगट धरलं. दोघांनी मिळून गज भोकात बसवला.

वातावरण हलकं करावं म्हणून ज्योतीराम डोळे पुसत म्हणाला, "आबा, चौरंग झकास झालाय."

चिमाजींनी नातीसाठी हात पसरले.

"चौरंग न्हाई रं," ते म्हणाले. "पाळणा हाय त्यो."