मामाची साडी आणि टाकीचं झाकण

चहाचे कप आधी खाली ठेवा. सांडला तर मी जबाबदार नाही!

भाचीचं लग्न मुरबाडला, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आमच्यात नवरी लग्नाला उभी राहते ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून, आणि मामा म्हणजे मी! ती साडी घेऊन आम्ही नवरा-बायको शहापूरहून आमच्या पंधरा वर्षं जुन्या छोट्या गाडीने निघालो.

"साडीची पिशवी कुठंय हो? ती जाड, दुकानाचं नाव असलेली?" निघताना बायकोने विचारलं.

"मला काय माहीत! गुंडाळ पेपरात नि चल."

किन्हवलीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद! दहा मिनिटांनी आपोआप सुरू. थोडं पुढे गेलो, पुन्हा बंद! सांगा, माणसाने करावं काय?

मेकॅनिकला फोन लावला. "बबन, परवाच पेट्रोलचा पंप बदललास, फिल्टर बदललास, मग ही मरते का?"

"दादा, माझ्याकडून नेली तवा मस्त चालत व्हती. तुमी नंतर काय हात लावला का?"

"मी? मी कशाला हात लावू!" मी तडकून फोन ठेवला.

लगेच बहिणीचा फोन. "दादा, कुठं हायस रे? पोरगी साडीसाठी खोळंबलीय! भटजी सारखे घड्याळ बघतात!"

सरळगावजवळ तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी चाकाला लाथ घातली. अंगठा सुजला, गाडी ढिम्म! कल्याणला निघालेला एक जीपवाला थांबला. सगळं ऐकून त्याने सरळ टाकीचं झाकणच उघडलं आणि खालचं काहीतरी ओढून काढलं. सूऽऽऽ असा मोठ्ठा आवाज करत टाकीने हवा आत ओढली.

"काका, टाकीत हवाच जात नाय, मग पेट्रोल पुढं येनार कसं? आनि ही पिशवी कोनी बांधली?"

कोणी? अहो, मीच! झाकणाचं रबर फाटलेलं, गाडीत पेट्रोलचा वास यायचा. म्हणून आदल्या संध्याकाळी टाकीच्या तोंडाला पिशवी दुहेरी करून रबरबँडने आवळली आणि वरून झाकण दाबलं. वाफसुद्धा बाहेर जाता कामा नये! केवढा खूश झालो होतो मी स्वतःवर!

बायकोने पिशवी उलगडली, दुकानाचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"सापडली," एवढंच म्हणाली.

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. हॉलच्या दारात पोचलो, वीस मिनिटं हातात. पण मामाकडची साडी पेपरात द्यायची? काय शोभा राहील? मी ती पटकन त्याच पिशवीत घातली.

"अहो, त्यात नको!"

"तू गप्प बस!"

मुहूर्त साधला. पिवळ्या साडीत भाची इतकी गोड दिसत होती की माझे डोळे भरून आले. फक्त होमाला बसताना भटजींनी दोनदा नाक वर करून हुंगलं, नवरीला घाईघाईने दोन हात मागे सरकवलं आणि विचारलं, "ही साडी कोणाकडची?"

मामाचा मान मोठा असतो हो. अख्ख्या मांडवाने एकदम माझ्याकडे बोट दाखवलं!