उष्टावलेलं खापर

मागच्या शुक्रवारी रेगेन्सबर्गला भर परिषदेत मी एका पंचाहत्तरीच्या बाईंवर ओरडले. तेही मराठीत!

झालं असं की आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक छोटी परिषद होती. विषय, स्पॅनिश लोकांनी मध्य अमेरिकेत वसाहती केल्या त्या काळातलं पुरातत्त्व. जर्मनीतले आणि आसपासचे पन्नासेक लोक, दोन दिवस, भरपूर कॉफी. मी आर्किऑलॉजिस्ट नाही हां... मी केमिस्ट्रीवाली. जुन्या भांड्यांना चिकटलेल्या अन्नावरून त्यात काय शिजत होतं ते शोधायचं, ही माझी पीएचडी.

माझ्याकडे एका स्पॅनिश वस्तीतल्या चुलीजवळची खापरं आहेत. स्पेनहून आलेली ती माणसं तिथे काय खात होती? घरच्यासारखंच, की तिथला मका? मी स्वतः सोलापूरची, चार वर्षांत ज्वारीच्या भाकरीवरून इथल्या काळ्या ब्रेडवर आलेली... त्यामुळे या प्रश्नाने मला पछाडलंय म्हणा ना.

अडचण एकच. ती सगळी खापरं ब्रशने घासून लख्ख धुऊन ठेवलेली. न धुतलेलं फक्त एक निघालं, बिस्किटाएवढं, आतल्या बाजूला करपल्याचा काळा थर. त्यातला थोडा खरवडून मी एक टेस्ट केली होती आणि मक्यासारखं काहीतरी दिसलं होतं. पण दुसऱ्यांदा तेच आल्याशिवाय माझे प्रोफेसर छापू देणार नाहीत. म्हणजे अख्खा चॅप्टर त्या एका तुकड्यावर.

तो तुकडा त्या दिवशी मी लोकांना दाखवायला खाली आणला. हॉलमध्ये हिरवं कापड घातलेलं एक लांब टेबल होतं, त्यावर सगळ्यांनी आपापली खापरं मांडली होती. उजेड छान होता म्हणून मी तिथेच फॉइल उघडली, लेबल शेजारी ठेवलं, फोटो काढले. तेवढ्यात आन्मेल्डुंगच्या, म्हणजे नावनोंदणीच्या, काउंटरवरून नावाचा बिल्ला घ्यायला हाक आली. दोन मिनिटांचं काम... आमच्या लॅबमध्ये उघडी फॉइल आणि शेजारी ग्लव्ज दिसले की कुणी बोटसुद्धा लावत नाही.

त्या टेबलाचा नियम मला माहीतच नव्हता. तिथे मांडलेलं खापर सगळ्यांचं असतं. उचला, भिंगातून बघा, वाद घाला... त्यासाठीच तर टेबल!

परत आले तर माझं खापर एका बाईंच्या हातात. पांढरे केस, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, वळवलं आणि... जिभेला लावलं.

"अहो! उष्टं केलंत ते!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. बाई खापर तसंच तोंडाशी धरून माझ्याकडे बघतायत.

नंतर कळलं, ही आर्किऑलॉजिस्ट लोकांची जुनी पद्धतच आहे. कमी भाजलेलं खापर जिभेला चिकटतं, पक्कं भाजलेलं चिकटत नाही. आणि मग तेच खापर पुढच्याच्या हातात, तोही चाटून बघणार! माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिने सगळ्यांना आधी चुळा भरायला पाठवलं असतं.

त्या होत्या फ्राऊ लिंडनर. हे खापर ज्या उत्खननातलं, ते चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलेलं. लेबल बघून त्यांनी ते आनंदाने उचललं होतं.

मी रडकुंडीला येऊन जर्मनमध्ये सांगायला लागले, उष्टं म्हणजे काय, आमच्याकडे ते का चालत नाही... आणि मध्येच थांबले. मी तरी चार वर्षं दुसरं काय शोधतेय? कुणाचं तरी खरकटंच की.

फ्राऊ लिंडनर मात्र हसल्या नाहीत. "न धुतलेलं हे एकच?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "हे बघ, मी तुटलेल्या कडेला जीभ लावली, आतल्या बाजूला नाही. पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस. माझी थुंकी घे आणि थराशी ताडून बघ."

दुपारची ट्रेन त्यांनी सोडली. लॅबमध्ये स्टुलावर बसून काचेच्या बाटलीत इमानेइतबारे थुंकल्या. सकाळपासून काय काय खाल्लं तेही लिहून दिलं, केक दोनदा! मग मी थर खरवडत असताना शेजारी बसून विचारत राहिल्या... हे कशाला, ते कसं, चरबी इतकी वर्षं टिकते कशी? त्यांचे प्रश्न संपेनात, आणि माझा राग कधी गेला तेही कळलं नाही.

परवा निकाल आला. मका आहे! आणि त्याच थरात डुकराची चरबी. डुकरं तिथे स्पॅनिश लोकांनीच नेलेली. म्हणजे तिथला मका आणि यांच्या डुकरांची चरबी एकाच भांड्यात शिजत होती... शिजवत कोण होतं, ते मात्र खापर सांगत नाही. फ्राऊ लिंडनरच्या थुंकीचा मागमूसही नव्हता.

मी लगेच फोन केला. त्यांना इतका आनंद झाला की मलाच भरून आलं.

"पण त्या उत्खननावर खापरं धुवायची शिस्त माझीच होती," त्या मग म्हणाल्या. "रोज संध्याकाळी टोपल्याच्या टोपल्या. एक काळा डाग राहिला तरी मी परत घासायला लावायचे... किती जणांचं जेवण धुऊन टाकलं गं मी."

तेव्हा सगळीकडे तसंच करायचे, असं काहीतरी मी पुटपुटले. त्या "हो, हो" म्हणाल्या, पण ते समजूत पटल्यासारखं नव्हतं.

"हे एक कुणीतरी कामचुकारपणा करून तसंच पेटीत टाकलं असणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा सापडला असता तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

आता आम्ही दोघी मिळून त्याचे आभार मानतोय... आणि त्याचं नाव दोघींनाही माहीत नाही.