पाय बघून दिलेला होकार

मालिकेतल्या नायिकेला मुली आवडतात, हे नातीने, रेवाने, मला पहिल्याच भागात समजावलं होतं. त्या धक्क्यातून मी जेमतेम सावरले होते. आज नायिका एकीला भेटायला हॉटेलात गेली, समोर बसली आणि तिच्याकडे सरळ बघायलाच लागली. नाक, डोळे, हसणं, सगळं निवांत. माझ्या हातातली मटारची शेंग तशीच राहिली.

"आजी, बंद करू का?"

"थांब गं. पहिल्याच भेटीत इतकं बघतात?"

मला बघायला आले तेव्हा मी शहाणी मान खाली घालून पोह्यांचा ट्रे धरून उभी. दिसले ते फक्त पाय. त्यातल्या एका गोऱ्यापान, नीटस जोडीवर मी भाळले आणि होकार देऊन मोकळी झाले. अंतरपाट दूर झाला, तर समोर काळे, भेगाळलेले पाय. ते गोरे पाय मुलाच्या मित्राचे होते; तो मागे उभा राहून अक्षता टाकत होता. जन्माचा जोडीदार आम्ही घोट्यापर्यंतच बघायचो. संसार बरा झाला, हे नशीब.

हे सगळं मी रेवाला पुन्हा ऐकवलं. एरवी या गोष्टीवर खिदळणारी ती आज हसली नाही. तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"आजी, माझीही अशी एक आहे. आईबाबांना सांगायची हिंमत होत नाही. तू भेटशील तिला?"

मटार मांडीवरून घरभर सांडले. रेवा खाली बघत बसली होती, अगदी माझ्यासारखी.

"आधी मान वर कर," मी म्हणाले. "रविवारी आण तिला. पोहे मी करते. आणि या वेळी चेहरा बघणार आहे."