पाटलाच्या विहिरीतलं तेल

दगड चाटायचा पगार मिळतो म्हटलं की आमच्या गावात लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग आईच्या. पण खरंच आहे ते. आसामातल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जमिनीच्या पोटातून काढलेले दगड येतात. दगड जिभेला चिकटला तर समजायचं, हा तेल पिणारा. मग त्याला भट्टीत सुकवायचं, तोलायचं, रॉकेलमध्ये मुरवून पुन्हा तोलायचं. साहेब शेवटी सही करतो. सहीला जीभ लागत नाही.

रजेवर आलो तो उन्हाळा. अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. बघतो तर काकूचा वांग्यांचा मळा माना टाकून पडलेला. विहिरीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि कुंपणाशी पाटलाचा गडी. विहीर पाटलाच्या बांधावर, पण तिच्यावर आम्हा माळ्यांच्या मोटा आज्या-पणज्यापासूनच्या. जवळच्या डबक्यावर रंगीत तवंग दिसला, पाटलाने ठरवलं की खाली घासलेट आहे. झालं, मोटा बंद!

"काकू, तू काही बोलली नाही?"

"बोलली ना बापा. पाटील म्हणे, वांग्याचं काय घेऊन बसली, आता गावात मोटारी येतीन."

तडक पाटलाकडे गेलो. ओट्यावर विहिरीतून काढलेला भोकाभोकांचा काळा दगड देवासारखा मांडलेला.

"पाह्य बे, किती भोकं! तेल याच्यातच राह्यते का नाई?"

मी दगड चाटला. चिकटला नाही. "पाटीलबुवा, भोकं लय हायेत, पण एका भोकाची दुसऱ्याशी भेट नाई. आपल्या गावासारखं. याच्यातून तेल वाह्यत नसते."

मग सगळ्यांना डबक्यावर नेलं आणि तवंगात काडी फिरवली. तेल असतं तर फिरून एक झालं असतं. ह्याचे तुकडे तुकडे झाले. लोखंडाच्या गंजाची साय, दुसरं काय!

पाटलाने लोकांकडे बघून डोळा मारला. "पाह्यलं? कंपनीचा मानूस नाई म्हणते. म्हंजे हायेच!"

आणि अख्ख्या गावाने मान डोलावली.

आता पुरावा देऊन भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात मी हाताने लिहिलेली पत्रकं चिकटवली: "पाटलांचे जाहीर अभिनंदन! त्यांच्या जमिनीत तेल निघाले आहे. जमिनीखालचे तेल सरकारचे असते, हे जाणूनही त्यांनी ते उघड केले. लवकरच साहेब येतील, पाटलांच्या कपाशीच्या शेतात तेल उपसायचा मनोरा उभारतील. धन्य तो त्याग!"

माळ्यांच्या आळीत पाटील कधी पाय ठेवत नसत. त्या दुपारी ते धावत आले.

"काऊन बे, हे काय लिहून राह्यला?"

"तुमचीच कीर्ती, बुवा. कंपनीले तार करतो आता."

"थांब, थांब! ते काडीचं काय होतं?"

डबक्यावर त्यांनी स्वतःच काडी फिरवली, चारचौघांत, घसा ताणून: "गंज हाये रे, गंज! कोन म्हणे तेल?" काटे त्यांच्याच गड्याने उपसले.

म्हणजे खरं सांगितलं तेव्हा एक काटा हलला नाही, आणि थाप मारली तर विहीर मोकळी! ही कसली रीत? मी मोटेपाशी उभा राहून हेच तावातावाने बोलत होतो. काकूने बैल जुंपले होते.

"भाषण मंग देजो," ती म्हणाली. "कासरा धर आधी."